फ्लॅट स्वतः विकताना: कागद आधी, भाव नंतर, जाहिरात शेवटी

पुण्यात रीसेलच्या व्यवहारात एजंट साधारण एक ते दोन टक्के घेतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून घेतो. ८५ लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे १ लाख ७० हजार. तो जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर त्यावर आणखी १८ टक्के, म्हणजे एकूण दोन लाखांच्या घरात. हे पैसे वाचवता येतात, पण तो करतो ती कामं आपल्याला त्याच दर्जाची करावी लागतात: भाव ठरवणं, गिऱ्हाईक गाळणं, कागद जुळवणं, बँक आणि रजिस्ट्रेशनची तारीख सांभाळणं. कायद्याचा भाग वकील बघतो, कराचा सीए बघतो, आणि दोघांची फी सहसा किमतीच्या टक्क्यात नसते.

स्वतः विकणाऱ्यांचं चुकतं ते मुख्यतः क्रमात. आधी जाहिरात टाकतात, मग येणाऱ्या फोनवरून भाव ठरवतात आणि गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर कागद शोधायला बसतात. तोवर गिऱ्हाइकाची लोन मंजुरी संपत येते आणि त्याचा विश्वासही ढळतो. हा क्रम पूर्ण उलटा हवा.

कागदांची फाइल

सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची साखळी. फ्लॅट थेट बिल्डरकडून घेतला असेल तर एकच करारनामा असतो. मध्ये दोन मालक होऊन गेले असतील तर त्या प्रत्येकाचा मूळ नोंदणीकृत दस्त, त्याची सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), आणि नोंदणीची पावती लागते. गिऱ्हाइकाची बँक हे सगळं मूळ स्वरूपात मागते. एखादा जुना मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढं करावं लागतं. त्याला आठवडे जातात, म्हणून ते विक्रीच्या आधी करायचं.

यानंतरचा प्रश्न खास पुण्याचा: तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? पाटीवरच्या नावावर जाऊ नका. ‘अमुक अपार्टमेंट’ नावाची सहकारी सोसायटी असते आणि ‘तमुक सोसायटी’ म्हणून ओळखली जाणारी इमारत कायद्याने अपार्टमेंट असते. सहकारी गृहरचना संस्था असेल तर तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असतं. १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची इमारत असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच. तिथे इमारतीचं घोषणापत्र आणि तुमच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, ज्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो. बऱ्याच इमारतींत घोषणापत्र झालेलं असतं, पण काही फ्लॅटधारकांनी आपलं डीड करूनच घेतलेलं नसतं. तुम्ही त्यांतले असाल तर विक्रीपूर्वी ते करून घ्या. नाहीतर गिऱ्हाइकाचा वकील तिथेच अडून बसेल.

सोसायटीत हस्तांतराच्या शुल्कावरून फार वाद होतात, म्हणून आकडे माहीत असू द्या. राज्य सरकारच्या ९ ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्याखेरीज हस्तांतर फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये. ‘इमारत निधी’ किंवा ‘देणगी’ म्हणून यापेक्षा जास्त मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणावं. अनेकदा तिथेच विषय मिटतो. आदर्श उपविधींप्रमाणे शेअर हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही. पण गिऱ्हाइकाची बँक तो मागतेच, त्यामुळे अर्ज आधीच देऊन ठेवा. समितीने त्यावर महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. अपार्टमेंटमध्ये मात्र असोसिएशनचे स्वतःचे उपविधी चालतात. तिथे काय द्यावं लागेल ते आधी विचारून लेखी घ्या.

बाकीची फाइल अशी: पालिकेचं भोगवटा पत्र, मंजूर नकाशाची प्रत, चालू वर्षाची मिळकत कराची पावती, शेवटचं वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि पार्किंगचं पत्र. पार्किंगकडे जास्त लक्ष द्या. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. त्यामुळे तुमच्या करारनाम्यात ‘कव्हर्ड पार्किंग’ असं लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात कोणती जागा तुमची हे सोसायटीच्या नोंदीतून दाखवावं लागतं. जागेच्या क्रमांकासह पत्र घेऊन ठेवा.

नावांचा मेळ तपासा. करारनाम्यावर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं, पॅनवर आणखी वेगळं स्पेलिंग, हे फार घरांत असतं. दुय्यम निबंधकांकडे ओळख पटवताना त्यावरून तारीख हुकते.

फ्लॅट आईवडिलांच्या नावावर असेल आणि त्यांच्यापैकी कोणी हयात नसेल तर विषय नाजूक आहे. सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून लागलं आणि शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालं, तरी तुम्ही एकटे मालक होत नाही. इतर वारसांचे हक्क तसेच राहतात. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि हयात असल्यास आई, सगळ्यांचा समान वाटा. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीची सही लागते. तिला मोकळेपणाने सांगा, तिचा वाटा द्या किंवा ती राजीखुशीने सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. ‘ती काही बोलणार नाही’ या भरवशावर विसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, घेऊ नका.

आणि गुंठेवारी, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून परवानगीशिवाय झालेलं बांधकाम. २०१७ आणि २०२१ साली पालिकेत आलेल्या गावांमध्ये, तसंच शहराच्या जुन्या कडेलाही, मंजूर नकाशा नसलेल्या इमारती आहेत. अशा फ्लॅटला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. म्हणजे पूर्ण पैसे हाताशी असलेलं गिऱ्हाईकच शोधावं लागतं आणि भाव त्याप्रमाणे कमी मिळतो. शेजारच्या मंजूर इमारतीचा दर लावून बसलात तर वर्ष जातं.

भाव काढण्याची रीत

सर्वप्रथम क्षेत्रफळ एका मापात आणा. पुण्यात अजूनही लोक ‘हजार फुटांचा टू बीएचके’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात सेलेबल एरिया असतो, ज्यात जिना, लॉबी, लिफ्ट सगळं मिळवलेलं असतं. त्यावर दर काढला की तुलना फसते. कार्पेट एरियाच धरा. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस येत नाही. करारनाम्यातला आकडा घ्या आणि टेपने खोलीखोली मोजून पडताळा. चौरस मीटरचा चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणा.

नंतर खरे व्यवहार शोधा. पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत. मिळालेले भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर, ई-सर्चमधल्या मोफत शोधात सापडतात. जिल्हा, वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरचे दस्त आणि त्यांचे इंडेक्स टू दिसतात. इथे ‘गाव’ म्हणजे महसुली मौजे. कर्वेनगरचे दस्त हिंगणे बुद्रुकखाली असतात, सहकारनगरचे पर्वतीखाली. तुमचं मौजे आणि सर्व्हे नंबर तुमच्याच करारनाम्याच्या ‘मिळकतीचे वर्णन’ या परिशिष्टात असतो. आधी आपल्याच इमारतीचा, मग लागून असलेल्या दोन-तीन सर्व्हे नंबरांचा, गेल्या दीड-दोन वर्षांचा शोध घ्या.

इंडेक्स टू वाचताना तीन फसगती होतात. पहिली, क्षेत्रफळ कधी कार्पेट असतं, कधी बिल्टअप. वर्णन पूर्ण वाचल्याशिवाय भागाकार करू नका. दुसरी, आज नोंदलेलं खरेदीखत किंवा डीड ऑफ अपार्टमेंट प्रत्यक्षात पंधरा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचं असू शकतं आणि त्यात तेव्हाची किंमत लिहिलेली असते. शेजारच्या घराची किंमत अचानक निम्मी दिसली तर जुना करार असणार. तिसरी, नातेवाइकांमधली बक्षीसपत्रं आणि रीडेव्हलपमेंटमध्ये जुन्या सभासदांना मिळालेल्या घरांचे करार यांच्या आकड्यांना बाजारभावाचा अर्थ नसतो. ते बाजूला काढा.

रीत समजावी म्हणून एक उदाहरण मांडू. तुमचा फ्लॅट ६४० चौरस फूट कार्पेट, दुसरा मजला, लिफ्ट, अठरा वर्षांची इमारत. शोधात तीन व्यवहार मिळाले, तिन्ही कार्पेटवर. ६२ चौरस मीटर, ८६ लाख: म्हणजे ६६७ फूट आणि दर सुमारे १२,८९०. ५५ चौरस मीटर, ७४ लाख: ५९२ फूट, दर १२,५००. ६० चौरस मीटर, ९० लाख: ६४६ फूट, दर सुमारे १३,९४०. तिसरा वेगळा का, ते त्या इमारतीसमोर जाऊन बघा. ती चार-पाच वर्षांनी नवी असेल, दोन पार्किंग असतील, आत नवं किचन असेल. असं काही आपल्याकडे नसेल तर तो दर सोडून द्या. उरला पट्टा १२,५०० ते १२,९००, म्हणजे ८० ते साडेब्याऐंशी लाख. जाहिरातीत ८५ लाख टाकावेत, मनात ८० लाखांची रेघ ओढावी आणि ती रेघ घरातल्या सगळ्यांनी आधी मान्य केलेली असावी. पहिल्या भेटीतच नवरा एक आकडा बोलला आणि बायको दुसरा, तर गिऱ्हाईक खालचाच धरून बसतं.

घरात घातलेला खर्च भावात पूर्ण उतरत नाही. सहा लाखांचं फर्निचर करून चार वर्षं झाली असतील तर त्याचे सहा लाख कोणी देत नाही. पाणी मात्र भावात उतरतं. पालिकेचं पाणी पुरेसं येतं की उन्हाळ्यात टँकर लागतात, हे बाणेर-बालेवाडीपासून उंड्रीपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला ज्येष्ठांना चालत नाही, त्यामुळे घेणारे कमी आणि दरही कमी. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत जुन्या इमारतींना रीडेव्हलपमेंटच्या आशेने भाव येतो. ती आशा कागदावर कुठवर आली आहे ते स्पष्ट सांगा: नुसती चर्चा, सर्वसाधारण सभेचा ठराव, की बिल्डरशी झालेला विकसन करार. चर्चेच्या टप्प्यावर असलेल्या इमारतीला विकसन कराराचा भाव मागितला तर जाणकार गिऱ्हाईक परत येत नाही.

रेडी रेकनर इथे वेगळ्या कामाचा आहे. तो बाजारभाव नव्हे, मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी किमान भाव. संकेतस्थळावर मौजे आणि विभागाप्रमाणे दर चौरस मीटरला दिलेला असतो, आणि मजला, लिफ्ट, इमारतीचं वय यांप्रमाणे त्यात फेरफार होतो. तो बिल्टअपवर लागतो हे लक्षात ठेवा. कार्पेट वाढवून घ्यावं लागतं. तुमची विक्री किंमत या सरकारी मूल्याच्या खाली १० टक्क्यांपेक्षा जास्त गेली, तर आयकरासाठी तुमची विक्री सरकारी मूल्यानेच झाली असं धरतात आणि फरकावर गिऱ्हाइकालाही कर लागू शकतो. जुन्या इमारतींत हे खरंच घडतं, म्हणून भाव पक्का करण्यापूर्वी वकिलाकडून मूल्यांकन काढून घ्या.

कर किती जाईल, हे आधीच

हातात काय उरणार हे माहीत नसेल तर घासाघीस करता येत नाही. फ्लॅट २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४पासून त्यावर साडेबारा टक्के कर, महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या रीतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. दोन्ही आकडे काढाच, फरक मोठा असतो. २०१०-११ मध्ये ३२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८५ लाखांना विकला असं धरा. सरळ नफा ५३ लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ६ लाख ६२ हजार. निर्देशांक १६७ वरून ३७६ झाला, तर खरेदी किंमत ७२ लाख ५ हजारांच्या आसपास धरली जाते, नफा सुमारे १२ लाख ९५ हजार आणि २० टक्क्यांनी कर २ लाख ५९ हजार. वर सेस वेगळा. तेव्हा भरलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बिलं असलेलं बांधकाम-सुधारणेचं काम खर्चात मिळवता येतं. म्हणून जुनी बिलं टाकू नका.

विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर नफ्यापुरती सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील तर ते कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात राहिले तर सूट जाते. दुसरा मार्ग म्हणजे सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांचे बाँड, कमाल ५० लाख, पाच वर्षं बंद. तुम्ही अनिवासी असाल तर गिऱ्हाइकाला बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी मिळवा, त्याला वेळ लागतो.

जाहिरात आणि येणारे फोन

पावसाळ्यात विकत असाल तर ओल लपवू नका. डागावर रंग मारला तर पुढच्या सरीत तो परत वर येतो, आणि गिऱ्हाईक तोवर दुसऱ्यांदा बघायला आलेलं असतं. टेरेसचं वॉटरप्रूफिंग सोसायटीकडून आधी करून घ्या. फोटो सकाळी, खिडक्या उघड्या ठेवून, खोलीच्या कोपऱ्यातून छातीच्या उंचीवरून काढा. पार्किंगची जागा, लिफ्ट आणि जिना यांचेही फोटो द्या. वाढीव फोटोंमुळे फुकटच्या फेऱ्या कमी होतात.

मजकुरात विशेषणं नकोत. असं लिहा: ‘टू बीएचके, कार्पेट ६४० चौ. फूट, बाल्कनी वेगळी. दुसरा मजला, लिफ्ट. पूर्व-पश्चिम खिडक्या. नोंदणीकृत सोसायटी, भोगवटा पत्र आहे, कर्ज नाही. पालिकेचं पाणी दोन वेळा, टँकर नाही. क्रमांकासह एक कव्हर्ड पार्किंग. मेंटेनन्स महिना इतके. मेट्रो स्टेशन चालत इतकी मिनिटं. किंमत ८५ लाख. मालक स्वतः, मध्यस्थ नको.’ ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर यांवर टाका, पण त्याआधी आपल्याच सोसायटीच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आईवडिलांसाठी किंवा लग्न झालेल्या मुलीसाठी त्याच आवारात घर शोधणारे असतात, आणि इमारत त्यांना माहीत असल्याने ते लवकर ठरवतात.

‘मालक स्वतः’ लिहिलं तरी एजंटांचे फोन येणारच. धोरण आधी ठरवा: त्याचं गिऱ्हाईक आणलं तर फी त्याने गिऱ्हाइकाकडून घ्यावी, आपल्याकडून नाही, आणि हे मेसेजवर लिहून घ्या.

फोनवर चार प्रश्न विचारल्याशिवाय भेट देऊ नका. लोन लागणार का, आणि मंजुरीचं पत्र आहे का? आधी स्वतःचं घर विकायचं आहे का? ताबा कधी हवा? ठरवणारं कोण, आणि ते पहिल्या भेटीला येणार का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तुमचा व्यवहार एका तिसऱ्याच व्यवहारावर टांगलेला आहे.

गिऱ्हाइकाच्या खिशाचा हिशेबही तुम्हाला करता आला पाहिजे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के, फक्त महिलांच्या नावे खरेदी असेल तर सहा. पतीचं नाव जोडलं की ही सवलत जाते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,०००. ८५ लाखांवर हे ५ लाख ९५ हजार अधिक ३० हजार. बँक या रकमेवर कर्ज धरत नाही, आणि घराच्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ६८ लाखांपर्यंतच देते. म्हणजे गिऱ्हाइकाकडे स्वतःचे १७ आणि शुल्काचे सव्वासहा, असे सव्वातेवीस लाख हवेत. शिवाय बँक स्वतःचं मूल्यांकन करते आणि जुन्या इमारतीत ते कमी आलं तर कर्जही कमी होतं. ‘लोन होईल’ या शब्दावर घर अडवून ठेवू नका.

लष्करात आहोत, घर न बघता पसंत आहे, आगाऊ पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, असा फोन आला तर लगेच बंद करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. करारनामा आणि आधारच्या प्रती प्रत्यक्ष भेटीनंतर, गिऱ्हाइकाच्या वकिलालाच द्या, तारीख आणि कारण आडवं लिहून.

विसार

किंमत जुळली की त्याच दिवशी तोंडी न थांबता विसार पावती करा. मुद्रांक ५०० रुपयांचा, मसुदा वकिलाचा. त्यात असावं: पूर्ण किंमत, घरात काय काय राहणार त्याची यादी (पंखे, गिझर, मॉड्युलर किचन, एसी यांवरून शेवटी वाद होतात), पैशांचे टप्पे तारखांसह, कर्ज मंजुरीची अंतिम तारीख, ती हुकली तर विसाराचं काय, सोसायटीचं हस्तांतर शुल्क कोण देणार, ताब्याची तारीख. गिऱ्हाइकाचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. तिची हरकतीची मुदत विसारानंतरच्या तारखांत धरा.

रोख रक्कम घेऊ नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणं कायद्याने मना आहे आणि दंड त्या रकमेएवढाच होऊ शकतो. ‘थोडे वरचे रोख’ मान्य केलेत तर ते पैसे पुढच्या घरात उघडपणे घालता येत नाहीत आणि व्यवहार फिसकटला तर मागताही येत नाहीत.

तुमचं कर्ज, त्यांचं कर्ज, रजिस्ट्रेशन

तुमच्या फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडे जमा असलेल्या कागदांची यादी घ्या. गिऱ्हाइकाची बँक पहिला चेक तुमच्या बँकेच्या नावे काढते, उरलेले तुम्हाला. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे. पण ३० दिवस हा मोठा काळ आहे आणि गिऱ्हाइकाची बँक त्या कागदांची वाट बघत असते. शाखेत आधीच सांगून कागद मध्यवर्ती भांडारातून मागवून ठेवा. फेडीनंतर सरसाईवरचा, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतला, बोजा उतरला का ते तपासा.

कर्जाच्या व्यवहारात सहसा आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवतात, त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं जातं, मग बँक पैसे सोडते आणि शेवटी खरेदीखत होतं. विकणाऱ्याचा धोका याच मधल्या काळात असतो: दस्त नोंदला गेला, पैसे आले नाहीत, आणि तो रद्द करायला दोघांच्या सह्या लागतात. म्हणून साठेखतात पैशांची अंतिम तारीख, ती हुकल्यास काय, आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा, ही तीन कलमं हवीतच. गिऱ्हाइकाने ‘आधी किल्ली द्या, रंग काढून घेतो’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

नोंदणी पुणे शहरातल्या हवेलीच्या कोणत्याही सह दुय्यम निबंधक कार्यालयात होते. आधी दस्ताची माहिती ऑनलाइन भरायची, शुल्काचं ई-चलन काढायचं, वेळ आरक्षित करायची, पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क भरायचं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. सगळे विकणारे, सगळे घेणारे आणि दोन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हजर हवेत. परदेशातला भाऊ सहविक्रेता असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र महिनाभर आधी तयार ठेवा. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे कधी कधी मशीनवर उमटत नाहीत. सकाळची वेळ घ्या, गर्दी कमी असते आणि पुन्हा प्रयत्न करायला वाव राहतो. सही करण्यापूर्वी ऑनलाइन भरलेला मसुदा स्वतः वाचा. फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, पॅन, किंमत यांपैकी एक अंक चुकला तर दुरुस्तीपत्र करावं लागतं आणि सगळ्यांना परत बोलवावं लागतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर गिऱ्हाइकाने एक टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरायचा असतो. तुम्ही दोन मालक असाल तर प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे वेगळा. शेवटचा हप्ता घेण्यापूर्वी भरल्याचं चलन मागा आणि काही आठवड्यांनी तुमच्या कर खात्यात ती रक्कम दिसते का ते पाहा. पॅन चुकल्यामुळे दुसऱ्याच्या खात्यात गेलेला टीडीएस परत आणायला गिऱ्हाइकाचीच मदत लागते, आणि तोवर ते घरात स्थिरावलेलं असतं.

ताबा देताना पूर्ण रक्कम स्वतःच्या खात्यात दिसत असू द्या. बँकेचा चेक हातात असणं पुरेसं नाही. मग दोन प्रतींत ताबा पावती करा. तारीख, किल्ल्यांची संख्या, पार्किंगचा क्रमांक, वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग त्यात लिहा आणि दोन्ही मीटरचे फोटो काढून घ्या. महावितरण, एमएनजीएल आणि मिळकत कर यांच्या नावबदलाच्या अर्जांवर तिथेच सह्या करून टाका. सोसायटीला हस्तांतराचा अर्ज आणि मूळ शेअर सर्टिफिकेट पोच घेऊन द्या. फ्लॅट भाड्याने असेल तर त्याला स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के मिळकत कर सवलत मिळत नाही. तुम्ही ती भाड्याच्या काळातही घेतली असेल तर फरकाची रक्कम विक्रीआधीच भरून टाका, कारण पुढे येणारी थकबाकीची नोटीस नव्या मालकाच्या दारात पडते.